गोठवणीचा काळ

विद्यार्थिमित्रहो, संगणकाकडून काम करवून घेणाऱ्या आज्ञांच्या समूहास सॉफ्टवेअर म्हणतात, हें आपणांस ठाऊक आहेच. ज्याची रचना कोणासही पाहतां, वापरतां व सुधारतां येते, तें ओपन सोर्स सॉफ्टवेअर होय. तें रचणारे पुष्कळ लोक निरनिराळ्या देशांतील स्वयंसेवक असतात. त्यांवर हुकूम चालविणारा मालक नसतो. मग त्याची नवी आवृत्ति केव्हां निघावी, हें ठरतें कसें?

डेबियन ह्या संगणकप्रणालीचें उदाहरण घेऊं. इयान मर्डॉक ह्यांनीं १९९३ सालीं तिचा आरंभ केला. आज तींत ६० हजारांहून अधिक पॅकेजें आहेत, व त्यांतील पुष्कळ परस्परांवर अवलंबून आहेत. एक बदललें कीं दुसरें बिघडण्याचा संभव असतो. म्हणून आवृत्ति निघण्यापूर्वीं बदल पायरीपायरीनें थांबवितात. ह्या काळास ‘फ्रीज’, म्हणजे गोठवण, म्हणतात. सारवलेली जमीन वाळेपर्यंत तीवर पाय देऊं नये, तसाच हा नियम आहे.

तेराव्या आवृत्तीच्या वेळीं १५ मार्च २०२५ रोजीं मोठे फेरबदल बंद झाले. १५ एप्रिलपासून नव्या पॅकेजांस प्रवेश मिळेना. लहान व नेमक्या दुरुस्त्या मात्र चालू राहिल्या. १५ मेपासून महत्त्वाच्या पॅकेजांतील दुरुस्तीसही प्रकाशन-मंडळाची संमति लागूं लागली. २७ जुलैस पूर्ण गोठवण झाली, आणि ९ ऑगस्टला आवृत्ति प्रसिद्ध झाली. ह्या सर्व काळांत दोष शोधण्याचें व काढण्याचें काम अखंड चाललें होतें.

पूर्वीं अशी शिस्त बसलेली नव्हती. जुलै २००२ च्या आवृत्तीनंतर पुढील आवृत्तीस जून २००५ उजाडला. पुढची संधि केव्हां येईल हें ठाऊक नसलें, म्हणजे जो तो आपलें अपुरें काम ह्याच खेपेस आंत घालूं पाहतो; त्यामुळें उशीर अधिकच वाढतो. उलट, उबंटु ही प्रणाली २००४ पासून वर्षांतून दोनदां, बहुधा एप्रिल व ऑक्टोबर महिन्यांत, निघते. तीत मागें राहिलेलें काम सहा महिने थांबूं शकतें. तथापि २००६ सालीं एप्रिलची आवृत्ति अधिक तपासणीसाठीं जूनपर्यंत लांबविली गेली. कारण केवळ तारीख पाळण्यासाठीं सदोष वस्तु लोकांच्या हातीं देणेंही उचित नव्हे.

डेबियनच्या मंडळींनीं मधला मार्ग काढला. गोठवणीच्या तारखा आधीं जाहीर करावयाच्या, परंतु गंभीर दोष दूर झाल्यावांचून आवृत्ति काढावयाची नाहीं. ह्या रीतीनें २००७ ते २०२५ पर्यंत सुमारें दर दोन वर्षांनीं एक आवृत्ति निघाली आहे.

मुलांनो, आपली नवी कृति तयार असतां ती पुढील खेपेसाठीं राखून ठेवणें, व तोंवर दुसऱ्याच्या कामांतील उणीव भरून काढणें, ह्यास मोठा संयम लागतो. त्या आवृत्तीवर विसंबणारा मनुष्य ह्या स्वयंसेवकांस कधीं भेटत नाहीं. तरी त्याचें काम अडूं नये म्हणून ते हा संयम पाळतात.