स्वच्छमंडलाचा अंतःस्तर

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया यशस्वी होऊनही काही रुग्णांच्या दृष्टीपुढे कालांतराने पुन्हा धुके दाटू लागते. सकाळी ते विशेष दाट असते आणि दुपारपर्यंत बरेचसे विरते. मोतीबिंदू परत आला, अशी रुग्णाची समजूत होते. वस्तुतः दोष भिंगात नसून त्याच्या पुढच्या स्वच्छमंडलात, म्हणजे डोळ्याच्या दर्शनी पारदर्शक पडद्यात असतो.

सुमारे अर्धा मिलिमीटर जाडीच्या या पडद्याच्या आतील अंगास पेशींचा एकच थर असतो. डोळ्यातील द्रव पडद्यात सतत झिरपतो व हा अंतःस्तर तो सतत उपसून काढतो. तरुणपणी दर चौरस मिलिमीटरला या पेशी सुमारे ३,००० असतात. मेलेल्या पेशीच्या जागी नवी निर्माण होत नाही. शेजारच्या पेशी पसरून ती जागा भरून काढतात. शस्त्रक्रियेत हत्याराचा स्पर्श, भिंगाचे तुकडे आणि श्राव्यातीत तरंगांची ऊर्जा यांमुळे काही पेशी नष्ट होतातच. संख्या ५०० च्या आसपास उतरली, की उपसा अपुरा पडून पडदा फुगतो. रात्री पापण्या मिटल्याने बाष्पीभवनही थांबते. सकाळच्या धुक्याचे कारण हेच. पुढे पृष्ठभागावर फोड येतात आणि ते फुटले, की तीव्र वेदना होतात.

तीव्र क्षाराच्या थेंबांनी तात्पुरता आराम पडतो, परंतु गेलेल्या पेशी परत येत नाहीत. त्या दुसऱ्याच्या डोळ्यातूनच मिळवाव्या लागतात. पूर्वी यासाठी संपूर्ण जाडीचे स्वच्छमंडल बदलून बारीक टाके घालीत. दृष्टी स्थिरावण्यास वर्षही लागे. एका थरासाठी सगळा पडदा कापणे हा मोठाच खर्च होता! नेदरलँड्‌समधील गेरिट मेलेस यांनी १९९८ मध्ये केवळ मागचा भाग बदलण्याची रीत मांडली. पुढे विकसित झालेल्या पद्धतीत तर मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहून किंचित जाड अशी पातळ चकतीच बसवितात.

दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील राष्ट्रीय नेत्रपेढीसारख्या संस्था यासाठी मरणोत्तर नेत्रदान स्वीकारतात. मृत्यूनंतर शक्यतो ६ तासांच्या आत नेत्र काढावे लागतात. दात्याचे वय फार आड येत नाही, त्याचा चष्मा तर मुळीच नाही.

गुंडाळी झालेली ही चकती लहानशा छेदातून आत सोडून उलगडतात व खालून हवेचा बुडबुडा भरतात. तिला टाका नसतो. बुडबुडाच तिला वर दाबून धरतो. म्हणून रुग्णास काही काळ छताकडे तोंड करून उताणे पडून राहावे लागते. चकती सुटलीच, तर पुन्हा हवा भरतात.