आजीची अशर्फी

अजिंठ्याच्या वाटेवर सिल्लोड हे गाव आहे. तेथील एका घरी आजी वारल्यावर तिच्या पेटीत लाल कापडात गुंडाळलेले सोन्याचे एक नाणे निघाले. दर दिवाळीस आजी ते रिठ्याच्या पाण्याने घासून लक्ष्मीपूजनाच्या पाटावर मांडीत असे. वारस तिघे : बाबा, काका आणि आत्या. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे आईच्या मालमत्तेत मुलाचा व मुलीचा वाटा सारखाच. पण नाणे भाकरीसारखे मोडता येत नाही. काका म्हणाले, “तोळाभर सोन्याचे पैसे धरा आणि मोकळे व्हा.” आत्या मात्र गप्प होती.

नातवाने भिंगातून नाणे न्याहाळले. एका बाजूस चारमिनार आणि त्याच्या कमानीत एक अक्षर. शेजारचे उर्दू जाणणारे वृद्ध गुरुजी म्हणाले, “हे ‘ऐन’. सातवे निजाम उस्मान अली खान यांच्या नावाचे आद्याक्षर. त्यांच्या वडिलांच्या, महबूब अली खानांच्या, नाण्यावर येथे ‘मीम’ असते. ही हैदराबादची अशर्फी आहे.” सिल्लोड सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यातच होते, तेव्हा अशर्फी घरात कशी आली, याचे नवल नव्हते.

नाण्यावरील साल १३३७ निघाले. ते अंक वाचताना सावध राहावे लागते. आपल्या शून्यासारखा गोल दिसणारा अंक तेथे पाच असतो आणि शून्य म्हणजे नुसता ठिपका! साल हिजरी होते. हिजरी वर्ष आपल्या वर्षाहून सुमारे ११ दिवसांनी लहान असते. म्हणून १३३७ ला ०.९७ ने गुणून त्यात ६२२ मिळवले. उत्तर आले १९१८-१९.

मग सारे सराफाकडे गेले. टाकसाळीतून निघताना अशर्फीचे वजन ११.१७८ ग्रॅम असे. तोळा ११.६६४ ग्रॅमचा, म्हणजे काकांचा अंदाज थोडा चुकलाच. काट्यावर वजन भरले ११.१५ ग्रॅम. दोऱ्याने बांधून पाण्यात बुडवताच ते ०.६४ ग्रॅमने घटले. ११.१५ ला ०.६४ ने भागले की येतात सुमारे १७.४. शुद्ध सोने पाण्याच्या १९.३ पट जड, पितळ सुमारे साडेआठ पट. अशर्फीत शंभरात ९१ भाग सोने आणि बाकी मिश्रण, त्यामुळे १७.४ हा आकडा बरोबर जुळला. शुद्ध सोने भरले सुमारे १०.१५ ग्रॅम. त्या दिवसाच्या भावाने त्याची जी किंमत होईल, तिच्याखाली उतरण्याचे कारण नव्हते.

“वितळवले तर एवढेच,” सराफ म्हणाले, “पण संग्राहक नाणे म्हणून याहून अधिक देतील. मात्र अक्षरे झिजली आहेत. जुन्या नाण्याला घासू नये. चकाकी येते आणि मोल जाते.”

कमी भरलेले ते २८ मिलिग्रॅम आजीच्याच बोटांखाली झिजले असावेत! कोणी काही बोलले नाही.

अखेर संग्राहकांच्या भावाची चौकशी करून तिघांनी एक रक्कम ठरविली. आत्याने तिचा एक-एक तृतीयांश दोघा भावांना दिला आणि नाणे स्वतःकडे ठेवले. लाल कापडात ते गुंडाळताना ती भाच्याला म्हणाली, “दिवाळीला ये. पाटावर तूच मांड. पण रिठे आणू नकोस.”