ट्रॅक्टरच्या सेल्फचे सोलेनॉइड : बिघाडानंतरची तपासणी

नाशिक जिल्ह्यातील निफाड, दिंडोरी या तालुक्यांत अनेक द्राक्षबागांची फवारणी ट्रॅक्टरवरील ब्लोअरने केली जाते. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस झाल्यास केवड्याविरुद्धची फवारणी वेळेवरच व्हावी लागते. अशा सकाळी चावी फिरवूनही ट्रॅक्टर सुरू झाला नाही, तर घाईने नवे सोलेनॉइड आणले जाते. पण दोष अन्यत्रही असू शकतो. म्हणून आधी पारख करावी, मगच खर्च करावा.

रचना : सोलेनॉइड हा विद्युत्-चुंबकावर चालणारा स्विच होय. चावीवाटे आलेला अल्प प्रवाह त्यातील वेटोळ्यातून गेला की आतील लोखंडी दांडा ओढला जातो. त्यायोगे सेल्फचे लहान दातेरी चाक फ्लायव्हीलच्या दात्यांत बसते आणि तांब्याची चकती दोन जाड बोल्टांना जोडते. मग बॅटरीचा मोठा प्रवाह सेल्फला मिळतो. म्हणजेच वेटोळे आणि चकती यांची तपासणी स्वतंत्रपणे करावयास हवी.

पूर्वतयारी : गिअर न्यूट्रलमध्ये ठेवावा, हँडब्रेक लावावा, पी.टी.ओ. सोडवावा. इंजिन बंद करण्याचा खटका ओढून ठेवावा. चाकांपुढे-मागे कोणी उभे राहू नये. बॅटरीजवळ विडी वा काडी पेटवू नये.

तपासणीचा क्रम :

१. पूर्ण भारित बॅटरी स्थिर असता सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते. १२.४ च्या खाली असल्यास प्रथम ती भारित करावी. टर्मिनलवरील पांढरा क्षार काढून पकड घट्ट करावी. सोलेनॉइड भराभर टिकटिक करीत असेल, तर बहुधा दोष येथेच सापडतो.

२. १२ व्होल्टच्या बल्बची एक तार सोलेनॉइडच्या लहान टर्मिनलला व दुसरी इंजिनच्या उघड्या धातूला लावावी. दुसऱ्याने चावी फिरवावी. बल्ब न लागल्यास दोष फ्यूज, चावीचा स्विच, न्यूट्रल अथवा क्लचचा सुरक्षा स्विच किंवा तार यांत असतो.

३. बल्ब लागतो, पण आवाज येत नाही, तर अर्थची जोडणी पाहावी. ती ठीक असल्यास वेटोळे जळाले असावे किंवा दांडा अडकला असावा.

४. आवाज येतो, पण सेल्फ फिरत नाही, तर दोन जाड बोल्टांमधील व्होल्टेज चावी धरून मोजावे. ते शून्याजवळ हवे. अर्ध्या व्होल्टहून बरेच अधिक असल्यास आतील चकती वा बोल्टांची टोके जळाली आहेत, असे समजावे. शून्याजवळ असूनही सेल्फ न फिरल्यास मोटर व जाड केबली तपासाव्यात.

चावी सोडल्यावरही सेल्फ फिरतच राहिल्यास चकती चिकटलेली असू शकते. बॅटरीची ऋण केबल तत्काळ काढावी.

शॉर्ट होऊन फ्यूज गेला असल्यास मूळ कारण शोधूनच त्याच क्षमतेचा नवा फ्यूज बसवावा. त्याजागी जाड तार बांधू नये. मोटारसायकलच्या सेल्फच्या रिलेलाही हाच क्रम लागू पडतो; मात्र त्यात दातेरी चाक सरकविण्याचे काम नसते.

घाईत जमिनीवर उभे राहून जाड बोल्टांना स्क्रू-ड्रायव्हर लावून ट्रॅक्टर कदापि सुरू करू नये. तसे केल्याने सुरक्षा स्विच टळतो, आणि गिअर पडलेला असल्यास मागील चाक अंगावरून जाते. एक फवारणी लांबली तर नुकसान होते. परंतु माणूस गेला तर त्याची भरपाई नाही.