होडीसाठी विजेची मोटर कशी निवडाल?

समजा तुम्ही एका मोठ्या तलावात छोटी होडी घेऊन मासे धरायला गेला आहात. किनारा तीन किलोमीटर मागे राहिला आहे, वारा वाढतो आहे आणि होडीची मोटर मंदावत मंदावत बंद पडते. दुकानात तर हीच मोटर सर्वांत जोरदार म्हणून घेतली होती! मग चुकले कोठे? अशा वेळी चूक बहुधा मोटरीत नसते, हिशेबात असते. आणि तो हिशेब तुम्ही शाळेत शिकता त्या भौतिकशास्त्राने सहज करता येतो.

ही मोटर आली कोठून?

अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात दहा हजारांहून अधिक तलाव आहेत. तेथे मासे धरण्याची एक रीत अशी : आमिष लावलेला गळ पाण्यात सोडायचा आणि होडी अगदी सावकाश चालवायची. मागून ओढले जाणारे आमिष माशाला पोहणाऱ्या भक्ष्यासारखे वाटते. या रीतीला ‘ट्रोलिंग’ म्हणतात. पेट्रोलचे इंजिन इतके सावकाश नीट चालत नाही, शिवाय ते आवाज करते. माशाच्या अंगावर दोन्ही बाजूंना पार्श्वरेषा असते. तिच्यामुळे पाण्यातील हादरे त्याला चटकन कळतात.

मिनेसोटाच्या सीमेलगत नॉर्थ डाकोटा राज्यात फार्गो हे शहर आहे. तेथील ओ. जी. श्मिट यांनी १९३४ साली फोर्ड मोटारगाडीचा स्टार्टर घेऊन त्याला पंखा जोडला आणि होडीसाठी विजेची मोटर बनवली. आजच्या मोटरीत एका उभ्या दांड्याच्या खालच्या टोकाला बंद नळकांडे असते. त्यात मोटर असते आणि तिच्या आसावर पंखा बसवलेला असतो. नळकांडे पाण्यात असल्यामुळे मोटरीची उष्णता पाणीच वाहून नेते. म्हणूनच ही मोटर पाण्याबाहेर फार वेळ चालवू नये.

रेटा किती हवा?

पंखा पाणी मागे ढकलतो, तेव्हा पाणी होडीला पुढे ढकलते. हा न्यूटनचा तिसरा नियम होय. या ढकलण्याला रेटा म्हणू. तो पौंडांत सांगतात. १ पौंड म्हणजे सुमारे ०.४५ किलोग्रॅम वजनाइतके बल.

ढोबळ नियम असा, की रेटा भरलेल्या होडीच्या वजनाच्या निदान पन्नासाव्या भागाइतका असावा. होडी १०० किलो, दोन माणसे १५०, बॅटरी, मोटर व सामान मिळून ५० असे एकूण ३०० किलो धरू. त्याचा पन्नासावा भाग ६ किलो, म्हणजे सुमारे १३ पौंड. पण हा हिशेब शांत पाण्याचा झाला. वारा आणि लाटा यांसाठी दुप्पट-तिप्पट शिल्लक ठेवावी. तेव्हा ३० ते ४० पौंडांची मोटर पुरे.

मग ५५ पौंडांची घेतली तर होडी जवळजवळ दुप्पट वेगाने धावेल का? नाही. पाण्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, शिवाय या मोटरींचा पंखा सावकाश चालण्यासाठीच घडवलेला असतो. रेटा वाढल्याने होडी वाऱ्याला दाद देत नाही, पण फारशी वेगवानही होत नाही. बॅटरी मात्र लवकर संपते.

बॅटरीची शिदोरी

१२ व्होल्टची ३० पौंडांची मोटर पूर्ण वेगात सुमारे ३० अँपिअर प्रवाह घेते. म्हणजे ३६० वॅट, साधारण अर्धा अश्वशक्ती. बॅटरी १०० अँपिअर-तासांची असली, तरी शिशाची बॅटरी वारंवार अर्ध्याखाली उतरवली तर तिचे आयुष्य घटते. म्हणून हाती ५० अँपिअर-तासच धरावेत. ५० भागिले ३० म्हणजे १ तास ४० मिनिटे.

मोटारगाडीची बॅटरी येथे चालत नाही. ती क्षणभर मोठा प्रवाह देण्यासाठी बनवलेली असते. येथे तासन् तास प्रवाह देणारी ‘डीप सायकल’ बॅटरी लागते.

वेग कमी केला तर? वेग निम्मा केल्यास विरोध चौथा हिस्सा होतो आणि लागणारी शक्ती आठवा हिस्सा. पण जुन्या पद्धतीच्या मोटरीत वेग कमी करताना काही ऊर्जा रोधाच्या वेटोळ्यात उष्णता होऊन वाया जाते. प्रवाह झटपट चालू-बंद करून वेग राखणारी इलेक्ट्रॉनिक मोटर ही बचत बरीचशी पदरात टाकते.

परतीचा हिशेब

आता सर्वांत महत्त्वाचे. आपली होडी शांत पाण्यात ताशी ६ किलोमीटर चालते आणि वाऱ्यामुळे तिच्या वेगात ताशी २ किलोमीटरचा फरक पडतो असे समजा. वाऱ्याबरोबर जाताना वेग ८, परतताना ४. बॅटरी १०० मिनिटांची. ५० मिनिटे जाऊन वळलात तर तुम्ही सुमारे ६.७ किलोमीटर दूर असाल, आणि उरलेल्या ५० मिनिटांत फक्त ३.३ किलोमीटर परत याल. म्हणजे अर्ध्या वाटेवर अडकाल! वळायला हवे होते ३३व्या मिनिटाला, एक तृतीयांश शिदोरी संपताच. म्हणून जाणकार आधी वाऱ्याविरुद्ध जातात आणि परतताना वाऱ्याची मदत घेतात. एक वल्ह्यांची जोडी तर होडीत असावीच.

घेताना काय पाहाल?

१. दांड्याची लांबी : पंखा पाण्याखाली सुमारे एक फूट राहिला पाहिजे. दांडा आखूड असला तर लाटेत पंखा उघडा पडून हवेत फिरतो.

२. तारा : ५० अँपिअर प्रवाह ०.०२ ओहम रोधाच्या तारेतून गेला तर १ व्होल्ट वाया जातो आणि ५० वॅट उष्णता होते. तेव्हा तारा जाड व आखूड हव्यात. पंखा गवतात अडकला की प्रवाह एकदम वाढतो, म्हणून बॅटरीजवळ सर्किट ब्रेकर हवा.

३. पंख्यामागची जागा : गळाचा दोरा आसाभोवती गुंडाळला जाऊन पाणी रोखणारे रबरी कडे कापतो आणि पाणी मोटरीत शिरते. म्हणून पंखा सहज काढून पाहता आला पाहिजे.

४. पाणी कोणते : गोड्या पाण्याची मोटर समुद्रात वापरू नये. खारे पाणी धातू खाते. समुद्रासाठी न गंजणारा दांडा आणि स्वतः झिजून मोटरीला वाचवणारा जस्ताचा तुकडा असलेली मोटर मिळते.

थोडक्यात, मोटर, बॅटरी, तारा, वारा आणि होडीचे वजन या सर्वांचा मेळ बसला, तरच त्या मोटरीवर विसंबता येते.

सोडवून पाहा

१. भरलेल्या होडीचे वजन ४५० किलो आहे. शांत पाण्यात किमान किती पौंड रेटा हवा?

२. वाऱ्याबरोबर ताशी ९ आणि वाऱ्याविरुद्ध ताशी ३ किलोमीटर वेग असेल, तर किती शिदोरी संपल्यावर मागे वळावे?

(उत्तरे : १. सुमारे २० पौंड. २. एक चतुर्थांश.)