पाड्यावरचा वाघ, वेशीवरचा वीर

मोहन्यात राहणाऱ्याला कोरीव दगड बघायला फार लांब जावं लागत नाही. आंबिवलीला गाडी पकडली की अंबरनाथ, शहापूर सगळं आवाक्यात. लोनाड आणि मुरबाडही जवळच. या दगडांच्या मागे हिंडताना जे मनात रुजलं, ते सांगते.

१. पूर्वजांची शिकवण देखण्या मूर्तीतच असते असं नाही. आपल्याकडच्या पाड्यांवरचा वाघोबा बघा. शिळेवर किंवा लाकडी फळीवर वाघ, बरोबर सूर्य, चंद्र, कुठे नाग, आणि वरून शेंदूर. वारली, महादेव कोळी, ठाकर वाघबारशीला त्याला नैवेद्य दाखवतात. बाहेरच्याला वाटतं, ही भीती. पण पाड्यावर निवांत बसून ऐकलं की उमगतं, हा दोघांनी पाळायचा शब्द आहे. आम्ही तुझा मान ठेवू, तू आमची गुरंमाणसं सांभाळ. मान ठेवण्यात कसूर झाली तर वाघोबा कोपतो, हेही त्यातच आलं. संशोधक रम्या नायर, विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2021 साली वारल्यांच्या वाघोबावर अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात अशी 150च्या आसपास ठाणी नोंदली आहेत. बिबट्याही वाघोबाच, आणि तो याच डोंगरांत अजून फिरतो. म्हणून मी या दगडाला अवशेष म्हणत नाही.

२. दगड कठीण असला म्हणजे काम ओबडधोबड होतं, हे खरं नाही. कॅनडातल्या क्री या आदिवासी समाजातले शिल्पकार वडीलधाऱ्यांकडून ऐकलेल्या गोष्टींतले प्राणी शंखजिऱ्याच्या मऊ दगडात कोरतात. तो कानशीनेही घासता येतो. आपला बसाल्ट टाकीला सहज दाद देत नाही. तरी त्याच दगडात शके 982 मध्ये, म्हणजे 1060 साली, अंबरनाथचं शिवमंदिर उभं राहिलं आणि त्याच्या भिंतींवर तसूभर जागा मोकळी सोडलेली नाही. मग पाड्यावरचा वाघ इतक्या मोजक्या रेषांत का? मला वाटतं, तिथे कुणाला थक्क करायचं नव्हतं. वाघ ओळखू आला की काम झालं.

३. वीरगळ, म्हणजे लढाईत मेलेल्या वीराचा स्मृतिदगड, खालून वर वाचायचा असतो. तळाला लढाई आणि मरण, मधे वीराला वर नेणाऱ्या अप्सरा, माथ्याला शिवपूजा. बोरिवलीच्या एकसरला तर समुद्रावरची लढाई कोरली आहे, जहाजं आणि वल्ह्यांसकट. अक्षर न येणाऱ्या पोरालाही गावासाठी कोण मेलं ते कळत असणार.

४. प्रत्येक शिकवण जवळची वाटत नाही. शिलाहार राजांच्या काळातल्या गधेगाळीवर वर चंद्र-सूर्य, मधे दानाचा लेख आणि खाली गाढव व स्त्री. दान मोडणाऱ्याच्या घरच्या बाईला दिलेली ती शिवी आहे. गुन्हा एकाचा, विटंबना दुसरीची. मी ते शिल्प नीट बघते, पण त्याला हात जोडत नाही.

५. दगड घडवणारे हात अजून संपलेले नाहीत. वडार आणि पाथरवट घरांत टाकी चालते. पाटा-वरवंट्याला टाकी लावणाऱ्या बायका आमच्या लहानपणी दारावर यायच्या. त्यांच्याकडे कलावंत म्हणून कुणी पाहिलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

६. जीर्णोद्धाराच्या उत्साहात सर्वांत जास्त नुकसान होतं. ऑइलपेंट, फरशा, रस्त्याच्या कामात बाजूला सारलेले वीरगळ. तुमच्या वेशीवर असा दगड असेल तर तो हलवू नका, रंगवू नका. फोटो काढा, गावातल्या म्हाताऱ्यांना त्याची गोष्ट विचारून लिहून ठेवा आणि पुरातत्त्व खात्याला कळवा.