रिव्हर्सचा 'बीप' आणि मागे टांगलेली सायकल

ओरलला एक्स्टर्नल सरांचा एक ठरलेला प्रश्न असतो, "ट्रान्सड्यूसरचे रोजच्या वापरातले उदाहरण सांगा." आपलेही उत्तर ठरलेले, "सर, मायक्रोफोन." पुढच्या वेळी "गाडीचा पार्किंग सेन्सर" असे सांगून बघा. आता असे उत्तर दिले की क्रॉस क्वेश्चन येणारच! त्यातलाच एक मी इथे घेतला आहे : गाडीच्या मागे सायकलचा रॅक लावला, तर या सेन्सरचे काय होते?

प्रश्न पुस्तकी नाही. रविवारी पहाटे पानशेत किंवा सिंहगडाच्या रस्त्याला उभे राहा, डिकीवर पट्ट्यांनी बांधलेला रॅक आणि त्यावर दोन-तीन सायकली अशा गाड्या दिसतील. १ जुलै २०१९ पासून भारतात बनणाऱ्या नव्या प्रवासी कारना मागचे पार्किंग सेन्सर सक्तीचे झाले, त्यामुळे यातल्या बऱ्याच गाड्यांना ते असतात. म्हणजे सेन्सर आणि सायकल यांची गाठ पडणारच.

आधी थोडी थिअरी. बंपरवर जी रुपयाच्या नाण्याएवढी गोल बटणे दिसतात, त्यांच्या आत पिझोइलेक्ट्रिक सिरॅमिकची चकती असते. तिला व्होल्टेजची पल्स दिली की ती थरथरते आणि साधारण ४० ते ५० किलोहर्ट्झचा, म्हणजे आपल्याला ऐकू न येणारा आवाज सोडते. मग तीच चकती गप्प बसून प्रतिध्वनी ऐकते. बोलणारा आणि ऐकणारा एकच! २० अंश तापमानाला आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर. अडथळा एक मीटरवर असेल तर आवाज दोन मीटर फिरून येतो, त्याला लागतात ५.८ मिलिसेकंद. कंट्रोल बॉक्स एवढेच मोजतो. तापमानाने वेग बदलतो हे खरे, पण दहा अंशांपासून चाळीस अंशांपर्यंत गेलात तरी फरक पाच टक्क्यांचा, म्हणून त्याचा बाऊ नको.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. घंटेवर टोला दिल्यावर ती जशी काही वेळ घुमत राहते, तशी ही चकतीसुद्धा पल्स थांबल्यावर एक-दीड मिलिसेकंद घुमते. तेवढ्या वेळात तिला काही ऐकू येत नाही. त्यामुळे बंपरपासून साधारण वीस सेंटीमीटरच्या आतली वस्तू तिला नीट 'दिसत' नाही. म्हणून तर तीसेक सेंटीमीटरवरच ती सलग 'बीऽऽऽप' करून मोकळी होते.

आता सायकल. जाळीदार वस्तू आहे, आवाज आरपार जाईल असे वाटते ना? हिशोब करून बघा. ४० किलोहर्ट्झला तरंगलांबी येते ३४३ भागिले ४०,०००, म्हणजे सुमारे साडेआठ मिलिमीटर. चाकाचा स्पोक दोन मिलिमीटर जाडीचा, तरंगलांबीपेक्षा बराच बारीक, त्यामुळे त्याचा प्रतिध्वनी क्षीण. पण फ्रेमची नळी तीन सेंटीमीटर किंवा त्याहून जाड असते, टायर त्याहून. ती तर सेन्सरच्या दृष्टीने भिंतच. शिवाय गोल नळीची एक खोड आहे. सपाट पत्रा तिरका ठेवला तर आवाज भलतीकडे निघून जातो आणि सेन्सरला काही कळत नाही. गोल नळी मात्र कुठल्याही कोनातून थोडा तरी आवाज परत पाठवतेच.

परिणाम उघड आहे. रिव्हर्स टाकला की अखंड बीप. मागे मोकळे मैदान असले तरी बीप. बहुतेकांची तक्रार इथेच संपते, 'डोके उठवतो हो तो आवाज.' माझ्या मते खरी भानगड इथून पुढे सुरू होते.

बीपचा वेग ठरतो तो सगळ्यात जवळच्या प्रतिध्वनीवरून. टायर ३५ सेंटीमीटरवर असेल तर त्याचा प्रतिध्वनी २ मिलिसेकंदांत हजर. मागे १२० सेंटीमीटरवर एखादे लहान मूल उभे असेल तर त्याचा प्रतिध्वनी येणार ७ मिलिसेकंदांनी, तोही सायकलीच्या आडून आणि कपड्यांत थोडा जिरून. तोपर्यंत बॉक्सने निकाल लावलेला असतो : ३५ सेंटीमीटर! म्हणजे मूल असले काय आणि नसले काय, आवाज तोच. आणि जो आवाज सतत येतो तो माणूस ऐकेनासा होतो, हे आपल्या हॉस्टेलच्या अलार्मवरून सर्वांना ठाऊक आहे.

यावर सायकलवाल्यांत एक लोकप्रिय उपाय आहे, रॅक वर ओढून घ्यायचा. सेन्सरचा झोत आडवा बराच पसरतो, पण उभा कमी. त्यामुळे चाके बंपरच्या बरीच वर गेली की बीप थांबतो. माझ्या मामांनी नेमके हेच केले आणि ते एकदम खूश! मी म्हटले, "मामा, पाच मिनिटे द्या, टेप घेऊन येतो." गाडी बंद जागी, हँडब्रेक ओढलेला, इंजिन बंद, नुसते इग्निशन चालू आणि गिअर रिव्हर्समध्ये. मागून एक उभा पुठ्ठ्याचा खोका हळूहळू बंपरकडे सरकवत आणला आणि बीप बदलला तिथे खडूने रेघ मारली. पहिला बीप १४० सेंटीमीटरवर, सलग बीप ३५ वर. मग बाहेरच्या सायकलचे सर्वांत मागे आलेले टोक, म्हणजे तिचे पेडल, बंपरपासून मोजले. ६८ सेंटीमीटर!

म्हणजे सेन्सर निवांत 'बीप... बीप' करत असताना, 'अजून जागा आहे' असे सांगत असताना, पेडल भिंतीवर आपटलेले असणार. सेन्सर खोटे बोलत नाही बरं का, तो बंपरपासूनचे अंतर अगदी बरोबर सांगतो. पण गाडी आता बंपरपाशी संपत नाही, हे त्याला कोणी सांगितलेलेच नाही. इन्स्ट्रुमेंटेशनच्या भाषेत हा झीरो एरर, तोही ६८ सेंटीमीटरचा. म्हणून मी म्हणतो, ओरडणारा रॅक परवडला, गप्प बसलेला रॅक जास्त धोक्याचा.

युरोपात हा प्रश्न थोडा वेगळ्या तऱ्हेने सोडवलेला आहे. तिकडे रॅक बऱ्याचदा गाडीच्या टो-बारवर बसतो आणि त्याच्या दिव्यांसाठी तेरा पिनांचा प्लग गाडीच्या सॉकेटमध्ये जातो. प्लग बसला की गाडीचा कंट्रोलर समजतो, मागे काहीतरी जोडले आहे, आणि मागचे सेन्सर आपोआप बंद करतो. यातही गंमत आहे. काही गाड्या हे दिव्यांच्या करंटवरून ओळखतात. रॅकला एलईडी दिवे असतील तर करंट इतका कमी की कंट्रोलरला पत्ताच लागत नाही, आणि बीप चालूच.

आपल्याकडच्या पट्ट्यांच्या रॅकला प्लगच नाही, तेव्हा काम आपणच करायचे. गाडीला सेन्सर बंद करायचे बटण असेल तर उत्तम. मॅन्युअल वाचा, कंपनीच्या वायरिंगला हात लावू नका. रिव्हर्स घेताना अडथळा दिसल्यावर स्वतःच ब्रेक मारणारी गाडी असेल, तर त्या फीचरबद्दल मॅन्युअलमध्ये रॅकसाठी काय लिहिले आहे ते आधी बघा, नाहीतर जागच्या जागी गचके बसतील. बाहेरून बसवलेल्या किटचे सोपे आहे. त्याच्या बॉक्सला सप्लाय बहुधा रिव्हर्स लाइटच्या वायरवरून येतो. बॉक्सकडे जाणाऱ्या पॉझिटिव्ह वायरमध्ये एक साधा टॉगल स्विच टाकायचा. स्विच लाइटच्या वायरमध्ये टाकू नका, नाहीतर रिव्हर्स लाइटही जाईल. स्विच ड्रायव्हरच्या नजरेसमोर बसवा आणि 'सेन्सर बंद' असताना पेटणारा छोटा लाल एलईडी जोडा, कारण रॅक काढल्यावर स्विच परत चालू करायचे हमखास राहते.

सेन्सर बंद केल्यावर उरतो माणूस. कॅमेऱ्यावर भिस्त ठेवू नका, डिकीवरच्या कॅमेऱ्यासमोर बहुतेक वेळा टायरच येतो. एकाने खाली उतरून, ड्रायव्हरला आरशात दिसेल असे बाजूला उभे राहायचे. तो दिसेनासा झाला की गाडी थांबवायची. मामांच्या सोसायटीत संध्याकाळी पार्किंगमध्येच क्रिकेट चालते, तिथे याला पर्याय नाही. बाहेरच्या सायकलची पेडल काढून ठेवली तर मागे आलेले टोक बरेच आत येते. फक्त डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, पाना उलटा फिरवा, जोर करू नका. आणि निघण्यापूर्वी गाडीच्या मागे दहा पावले जाऊन बघा, नंबर प्लेट, ब्रेक लाइट आणि इंडिकेटर सायकलीआड जात नाहीत ना. जात असतील तर सायकली उलटसुलट करून पुन्हा बांधा.