काचेपलीकडची खुर्ची

चौक, ता. खालापूर

चि. मुक्ता हिस,


स्टुडिओतली नोकरी घेतली तर लोक म्हणतील, गाणं जमलं नाही म्हणून यंत्रापाशी बसली, ही तुझी धास्ती. इथे चौकात मला तसं ऐकवूनही झालंय. त्यांचं सोड. आधी जी. एन. जोशींचं ‘स्वरगंगेच्या तीरी’ वाच. माझी प्रत पाठवतो.

नागपूरकडचा हा वकील. मेहकरच्या ना. घ. देशपांड्यांची ‘शीळ’ ही कविता चाल लावून गायला आणि ती तबकडी घरोघर पोचली. मराठी भावगीताची वाट तिथून रुंदावली. गंगूबाई हनगलांबरोबर द्वंद्वगीतंही निघाली. असं नाव झालेलं असताना १९३८च्या सुमारास जोशी एचएमव्ही या तबकड्यांच्या कंपनीत ध्वनिमुद्रणाच्या नोकरीला गेले. गळा बसला म्हणून नव्हे!

त्यांचं गाणं तिथेच खरं कामी आलं. ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर एका बाजूला जेमतेम साडेतीन मिनिटं. तासभर राग मांडणाऱ्या गवयाला सांगायचं, आलाप इथे आवरा, अंतरा आता घ्या. त्या काळी थेट मेणावर कोरत. शेवटच्या तानेत घसरलं की सगळं पहिल्यापासून. एखाद्या कारकुनानं हे सांगितलं असतं, तर खाँसाहेबांनी तंबोरा गवसणीतच घातला असता.

आणि १९६७ची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही तबकडी. निर्माते जोशीच. शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया, ब्रिजभूषण काबरा, तिघेही तिशीच्या घरातले. संतूरला तेव्हा शास्त्रीय मैफलीत नाकं मुरडली जात, काबरांच्या हाती तर गिटार. काश्मिरी मेंढपाळाचा एक दिवस, त्या त्या प्रहराच्या रागांतून. आजही लावून बघ, शिळी वाटत नाही. अशा तिघांवर कंपनीचा पैसा लावायला कान लागतो, आणि तो तुझ्याकडे आहे.

एक मात्र खरं, गायक जोशी आज थोड्यांनाच आठवतात. ती किंमत तुला मोजायची आहे का, हे मी ठरवणार नाही. मला विचारशील तर नोकरी घे. सकाळचा रियाज लोकल पकडण्याआधी उरकत जा, संध्याकाळवर ढकलू नकोस. समोरचा गात असताना त्याला तुझी गायकी शिकवू नकोस. ती खोड तुला आहे.

तुझ्या स्वतःच्या गाण्यांचे हक्क कुणाकडे राहणार, ते करारात नीट वाच. सही करण्याआधी कागद घेऊन रविवारी इकडे ये. मामी पानगी करणार आहे.

तुझा,
मामा